सुताराचा देवदार

६ जानेवारी

ती. मावशी,

भिंगरीचा नमस्कार, आणि तोही वॉर्डातल्या औषधांच्या टेबलाशी उभ्यानेच. बसले की कोणीतरी हाक मारतंच, म्हणून मी बसतच नाही.

परवानगी मिळाली! भाजलेल्या पेशंटांच्या वॉर्डात तुझी तेलं वापरायला आमच्या डॉक्टरीणबाईंनी अखेर हो म्हटलं. सहा महिने मी त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर, तेल परवडलं, पण तुमची भुणभुण नको." त्यांच्या अटी अशा : थेंबभर तेलही कातडीला लागता कामा नये, फक्त हुंगायचं. दुखण्याची औषधं नेहमीसारखीच चालू ठेवायची. आणि मार्चअखेर मी रिपोर्ट द्यायचा, फायदा झाला की नाही. नाही झाला तर बाटल्या तुझ्याकडे परत आणि विषय बंद.

तू तिकडे तीस वर्षं तांब्याच्या भांड्यावर पानं, साली, लाकडं वाफवत बसली आहेस आणि मी इथे एकवीस वर्षं माणसांच्या जखमा बांधते आहे. आपली दोघींची कामं एकदा तरी एका टेबलावर यावीत अशी माझी फार इच्छा होती. ड्रेसिंग बदलताना माणसाचं काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. औषध देऊनही दुखतं, आणि दुखण्याआधी जी भीती बसते तिच्यावर तर आमच्या कपाटात काहीच नाही. तिथे मला तुझं तेल घुसवायचं आहे.

आता माझी युक्ती ऐक. साबणाच्या जाहिरातीसारखं सगळ्यांना लॅव्हेंडर वाटत सुटायचं नाही. प्रत्येकाला विचारायचं, तुमचा सगळ्यात आवडता वास कोणता? ज्याचा जो आवडता, तोच त्याच्या ड्रेसिंगला. कसं चालतं डोकं भाचीचं?

चार नंबरच्या खाटेवर एक सुतार आहेत. गिऱ्हाईकाच्या स्वयंपाकघरात कपाट बसवत असताना गॅसचा भडका उडाला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्यांना विचारलं तर क्षणभरही न थांबता म्हणाले, "देवदार. नुकताच रंधा मारलेला." खिडकीजवळच्या आजीबाईंना गवती चहा हवा आहे. आईने लावलेला वाफा तुझ्या परसात आहेच. तर ही दोन्ही तेलं लगेच पाठव.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू उभ्याने लिहिलेलं पत्र मी खुर्चीत पाय वर घेऊन वाचलं. घराण्यात एकीने तरी बसायला हवं.

डॉक्टरीणबाई शहाण्या दिसतात. कातडीला लावायचं नाही हे त्यांनी म्हटलं नसतं तर मी म्हटलं असतं. माझं तेल म्हणजे काही डोक्यावर थापायचं तेल नाही. पोतंभर देवदाराच्या झिलप्या दहा तास वाफेवर ठेवल्या की जेमतेम दोन वाट्या हाती येतं. एवढं पोतं एवढ्याशा बाटलीत बसलेलं असतं, तेव्हा बेतानेच घ्यायचं. एक थेंब कापसावर, कापूस छोट्या बाटलीत, झाकण घट्ट. ड्रेसिंगला उघडायचं, संपलं की बंद. तुला लहानपणापासून सगळं जास्तच लागतं म्हणून पुन्हा लिहिते : एक थेंब.

सुतारांना सांग, या झिलप्या माझ्याकडे त्यांच्याच एका व्यवसायबंधूकडून येतात. तो मला भुसा म्हणून देतो आणि मी त्याचं सोनं करते, हे त्याला अजून कळलेलं नाही.

गवती चहा नाही. यंदा वाफ्याला कीड लागली. आजीबाईंसाठी संत्र्याच्या सालीचं पाठवते, चालतंय का बघ.

तुझ्या युक्तीबद्दल जी ओळ लिहिली होती ती खोडली आहे. तिथे नजर ताणत बसू नकोस, पेन घसरलं. वॉर्ड तुझा, पेशंट तुझे, तुला जास्त कळतं.

मावशी


११ फेब्रुवारी

ती. मावशी,

तुला कळलंच पाहिजे म्हणून घाईघाईने लिहिते. जमलं! आणि नुसतं जमलं नाही, दणक्यात जमलं!

सुतारांचंच सांगते. आधी ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की ते भिंतीकडे तोंड करायचे. आता मी बाटलीचं झाकण उघडून त्यांच्या नाकाशी धरते आणि ते डोळे मिटून घेतात. मग मनातल्या मनात स्वतःच्या कारखान्यात जातात. कुलूप काढतात, खिडकी उघडतात, फळी निवडतात. रोज तिथे ते एक कपाट करताहेत. मी बँडेज सोडवत असते आणि ते मला सांगत असतात, "सिस्टर, आज तिसऱ्या खणाला आलो." परवा जखम साफ करताना फार दुखलं, तर दात आवळून म्हणाले, "थांबा, पटाशी निसटली." हसावं का रडावं मला कळेना. मी हसले आणि तेही हसले. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंग चालू असताना हसण्याचा आवाज आला म्हणून डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः विचारलं, "त्या बाटल्या पुरताहेत ना?"

आजीबाईंनी संत्रं चालवून घेतलं, पण रोज विचारतात, गवती चहाचं काय झालं? पाठव ना गं. चार पाती तरी वाचली असतील.

खोडलेली ओळ मी उजेडासमोर धरून पाहिली. इतकी गिरवली आहेस की कागदाला भोक पडलंय. पेन असं घसरतं का कुठे?

भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या सुतारांचं कपाट मला इथून दिसलं. तुझी आई असती तर तिला हे सांगितलं असतं असं वाटलं, आणि मग बराच वेळ काम सुचलं नाही.

देवदाराची आणखी एक बाटली ठेवते आहे. मधूनमधून वास बदलत जा. रोज तोच तोच नको. का ते विचारू नकोस, मोठ्या माणसांचं कधीतरी नुसतं ऐकावं.

गवती चहा यंदा जमणार नाही. भांड्याची नळी गळते आहे.

मावशी


२९ मार्च

ती. मावशी,

नळी गळते आहे, आणि त्याच नळीतून देवदार मात्र व्यवस्थित येतोय! कीड लागली तीही बहुतेक नळीलाच. असो. भांडायला वेळ नाही.

वास बदलायचा तुझा सल्ला मी मानला नाही. सुतारांना दुसरा चालेचना, आणि चालणारं बदलायचं कशाला? छत्तीस ड्रेसिंग झाली, छत्तीसही देवदारावर. नऊ तारखेला ते घरी गेले. हात छान भरलेत. बोटं थोडी आखडलेली आहेत, पण व्यायामाने सुटतील. निघताना मी त्यांना देवदाराची अख्खी बाटली भेट दिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा रिपोर्ट लिहून तयार आहे, परवा देणार. चार पानं नुसता विजय आहे.

पण काल त्यांची बायको येऊन भेटली. सुतारांना कारखान्यात पाय ठेवता येत नाहीये. घराला लागूनच कारखाना आहे, मध्ये फक्त एक दार. पहिल्या दिवशी मोठ्या हौशीने गेले, दोन पावलं टाकली आणि घामाने डबडबले. बाहेर येऊन ओकले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तीनदा झालं. आता ते दार बंदच असतं. बायकोला म्हणाले, "हात वाचले, पण माझ्यातला सुतार जळाला." मेअखेर कारखाना, यंत्रं, अवजारं सगळं दुसऱ्या एका सुताराच्या हवाली करायचं असं कबूलही करून बसलेत. बत्तीस वर्षांचा कारखाना, मावशी.

कारण उघड आहे. आगीची धास्ती. एवढा भडका अंगावर आलेला माणूस कामावर जायला घाबरणारच. मी समुपदेशकांची वेळ घेऊन दिली आहे. आणि देवदारानेच त्यांना वॉर्डात तारलं होतं, तेव्हा आताही तोच तारेल. मी दिलेली बाटली त्यांनी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आहे म्हणे, विसरले असतील. तू दुप्पट कडक देवदार काढून पाठव. तो कारखान्याच्या दारातच ठेवायला सांगते.

भिंगरी


३ एप्रिल

भिंगरे,

आशीर्वाद वगैरे नंतर. देवदाराचा थेंबही पाठवणार नाही, आणि त्यांच्याकडे आहे ती बाटली आजच्या आज उचलून आण.

भडका स्वयंपाकघरात उडाला ना? मग त्यांच्या बायकोला विचार, ते घरी गॅस पेटवतात का. पेटवत असतील तर ती आगीची धास्ती नाही. ज्याने भाजलं त्याला माणूस भीत नाही आणि ज्याने कधी काही केलं नाही त्या लाकडाला भितो, असं कसं होईल? आणि बाटली कोणी विसरून खिडकीबाहेर ठेवत नाही. ती बाहेर काढली आहे त्यांनी.

आपण दोघींनी मिळून त्यांचा देवदार नासवला. एखाद्या दिवशी काही खावं, त्याच दिवशी पोट बिघडावं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या पदार्थाचं नाव काढलं तरी ढवळावं, तसं हे. पदार्थाचा दोष नसतो, पण पोटाला ते कोण समजावणार? छत्तीस वेळा त्यांनी तो वास घेतला आणि छत्तीसही वेळा त्यांची जखम सोलली गेली. तू त्यांचं दुखणं त्यांच्या कारखान्यात नेऊन ठेवलंस. ते बिचारे डोळे मिटून स्वतःच कुलूप काढून आत जात होते.

खोडलेली ओळ एवढीच होती : आवडता वास दुखण्यापाशी नेऊ नकोस. लिहिली आणि गिरवून टाकली, कारण तू लगेच विचारलं असतंस, तुला कसं गं माहीत?

आता सांगते. नऊ वर्षं सांगितलं नाही. तुझ्या आईला ती कडक औषधं चालू होती तेव्हा तिला सारखं मळमळायचं. ताईला गवती चहाचा वास किती प्रिय ते तुला माहीत आहे. मी तिच्याच वाफ्यातला कापला, तेल काढलं, आणि तिच्या उशाशी वाटीत गरम पाण्यावर दोन थेंब घालून रोज ठेवायला लागले. पहिले आठ दिवस ती हसून बघायची. मग एकदा मी वाटी घेऊन आले तशी तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी हाताने ढकललं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू जा आता."

मला वाटलं, मीच नकोशी झाले. मी चिडले, भिंगरे. मरणाच्या दारातल्या बहिणीवर मी रुसले आणि आठ दिवस तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि त्यातच ती गेली. तिला मी नको नव्हते. तिला तो वास नको होता, आणि तो माझ्या हाताला, पदराला, केसांना येत होता. हे मला ती गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं. परसात वाफा कापायला बसले आणि मलाच भडभडून ओकारी आली, तेव्हा. मी त्यानंतर त्या वाफ्याला हात लावलेला नाही. कीडबीड काही नाही, चांगला कमरेएवढा माजलाय.

तीस वर्षं या धंद्यात आहे आणि जे मला सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं तेच मी लपवलं. तुझा सुतार त्याची किंमत मोजतो आहे. मला लाज वाटते.

मावशी


९ एप्रिल

ती. मावशी,

तुझं पत्र मी बसून वाचलं. यावरून काय ते समज.

आधी कामाचं. सुतार रोज सकाळी स्वतः गॅस पेटवतात, बायकोच्या आधी उठून. मी घरी गेले तेव्हाही त्यांनीच चहा केला, मोठ्या ज्योतीवर, अगदी सहज. कारखान्यातला पॉलिशचा डबा बाहेर आणून नाकाशी धरला, त्यांना काही झालं नाही. बायकोने साध्या लाकडाची फळी अंगणात आणून दिली, तिच्यावर हात फिरवला. देवदाराची आणली तर पाच हातांवरून ओळखली आणि रंगच उतरला चेहऱ्याचा. बाटली मी उचलून आणली.

मग मी दोघांना समोर बसवलं आणि खरं सांगितलं. म्हटलं, "काका, चूक माझी आहे. तुमच्या भल्यासाठीच केली, पण केली मी." मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "म्हणजे मी भित्रा झालेलो नाही?" मी नाही म्हटलं. तर केवढा मोठा श्वास सोडला त्यांनी! महिनाभर त्या माणसाला वाटत होतं की आपलं धैर्य संपलं, आणि बायकोला तोंड कसं दाखवायचं. बायको म्हणाली, "मी कधी म्हटलं तसं?" ते म्हणाले, "म्हटलं नाहीस, पण दार तूच लोटून घेतलंस." मग दोघं बराच वेळ भांडली. मला बरं वाटलं ऐकून.

रिपोर्ट मी एकतीसला दिला होता. काल जाऊन परत मागितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कौतुकाचा रिपोर्ट परत मागणारी माणसं मला भेटत नाहीत." सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेवट झाल्याशिवाय लिहू नका. मी थांबते." सुतार मात्र कबूल केलेलं मोडायला तयार नाहीत. मेअखेर म्हणजे मेअखेर.

आता तुझं. त्या आठ दिवसांत मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुढेही बोलत राहिले. आई शेवटी शेवटी दाराकडे बघायची आणि मी म्हणायचे, येईल गं. त्याचा राग माझ्यात अजून आहे, आणि तुझं पत्र वाचून तो गेला असं मी म्हणणार नाही. पण तो आता निराळा झालाय. नऊ वर्षं तू हे एकटीने गिळलंस याचाही मला रागच येतो. मला सांगितलं असतंस तर दोघी मिळून रडलो असतो.

उत्तरात रडगाणं नको. मला उपाय हवा. बिघडलेला वास परत मिळवता येतो का?

भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरी,

येतो. कसा ते सांगते.

सोबत सात बाटल्या आहेत, आकडे घातलेत. पहिलीत देवदार नावापुरता, बाकी रोझमेरी आणि लिंबाची साल. पुढे पुढे देवदार चढत जातो. सातवी निखळ. नियम एकच, पण तो मोडायचा नाही : झाकण त्यांनी उघडायचं आणि त्यांनीच लावायचं. वॉर्डात वास त्यांच्यावर यायचा, आता त्यांनी वासाकडे जायचं. नको वाटलं की त्याच क्षणी बंद, आणि "अजून थोडं" असं तू म्हणायचं नाहीस. (तुला हे जड जाईल.) वेळ बरी असावी. चहा झालेला, बायकोशी भांडून झालेलं, हाताला काहीतरी काम. एक बाटली सहज वाटायला लागली की पुढची.

वॉर्डातही पद्धत बदल. आवडता वास कोणता ते जरूर विचार, आणि तो सोडून दुसरा दे. ज्याच्याशी त्या माणसाचं काहीच नातं नाही असा, आणि तोही थेट ड्रेसिंगला नाही. आधी तीन-चार दिवस पेपर वाचताना, गप्पा मारताना, नातेवाईक भेटायला आल्यावर दे. ओळख होऊ दे, बरा वाटू दे. मग ड्रेसिंगला ने. आजीबाईंना गवती चहा मिळाला नाही हे त्यांचं नशीब थोर.

एवढं ठणकावून लिहिलं खरं, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. हे सात बाटल्यांचं मी स्वतः कधी केलेलं नाही. बरोबर आहे याची मला खात्री आहे, कारण मी तेलं ओळखते. पण केलेलं नाही. तेव्हा मीही सुरू करते. माझ्याकडे बाटल्या नाहीत, वाफा आहे. सुतारांना सांग, तिकडे तुम्ही, इकडे मी.

मावशी


१२ मे

ती. मावशी,

सुतारांनी तुझं आव्हान फारच मनावर घेतलंय. रोज सकाळी ड्यूटीला जाताना मी डोकावले की विचारतात, "मावशीबाई कुठवर आल्या?" मी म्हणते, माहीत नाही. "लपवताहेत," म्हणतात.

पहिली आणि दुसरी बाटली सोपी गेली. तिसरीला ओकले. मी बाटली पिशवीत टाकायला लागले, तर म्हणाले, "राहू द्या. उघडली मी होती, लावीन मी." तोंड धुऊन आले आणि लावली. आठवडाभर तिसरीवरच अडकले. बायको रोज अंगणात त्यांच्यासमोर बसून गावगप्पा सांगते आणि ते मध्येच झाकण उघडून बंद करतात, जणू कोणाचं लक्ष नाहीये. आता पाचवीवर आहेत.

पण मेअखेरीला अठरा-एकोणीस दिवस राहिले आणि दोन बाटल्या बाकी आहेत. त्यापुढे अख्खा कारखाना आहे, जिथे भिंतींना, फरशीला, कपड्यांना देवदार मुरलेला. तिथे झाकण कुठून लावायचं? मला घाई करावीशी वाटते. करत नाही.

वॉर्डातली नवी पद्धत चालू झाली. खाट दोनवरच्या मास्तरांना पचौलीच्या पानांचं तेल दिलं. म्हणाले, "सिस्टर, हा वास माझ्या आयुष्यात कोणाचाच नाही." म्हटलं, म्हणूनच.

भिंगरी


२० मे

चि. भिंगरी,

सुतारांना सांग, मावशीबाई लपवत नाहीत. पहिले पंधरा दिवस मी फक्त मागच्या दारातून वाफ्याकडे पाहिलं. मग जवळ खुर्ची टाकली. परवा एक पात तोडली आणि चुरगाळली. पोट ढवळलं. नंतर ताई दिसली, आजारी नव्हे, वाफा खुरपताना, कमरेला पदर खोचलेली. मी मोठ्याने रडले. पात टाकली नाही. यापलीकडे अजून गेलेले नाही आणि यंदा जाईन असं वाटत नाही. सुतार पुढे आहेत, मी हार मानते.

झाकण कुठून लावायचं ते त्यांनाच सापडलं तर सापडेल.

मावशी


२ जून

आदरणीय मावशीबाई,

नमस्कार. मी खाट नंबर चारचा सुतार. पत्ता सिस्टरांकडून मागून घेतला. अक्षराकडे बघू नका, बोटं अजून पुरती मिटत नाहीत.

सातवी बाटली मी उघडली नाही. सहावीवर असतानाच अठ्ठावीस तारखेला तो दुसरा सुतार कारखाना बघायला आला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. मी अंगणात उभा राहिलो आणि बायकोने त्याला आत नेलं. त्याने देवदाराची एक फळी टेबलाला लावली आणि माझा मोठा रंधा घेतला. मला आवाजावरूनच कळलं, तो लाकडाच्या रेषांच्या उलट मारत होता. फळी चरचर फाटत होती. बाई, मी बत्तीस वर्षांत त्या रंध्याखाली एक फळी फाटू दिलेली नाही. मी ओरडलो, "अहो, रेषा बघा!" तो म्हणाला, "जमतंय, जमतंय." आणि पुन्हा तसाच मारला.

मी कधी आत गेलो ते मला आठवत नाही. रंधा त्याच्या हातातून घेतला, फळी फिरवली आणि मारायला लागलो. मग वास आला. सगळं आलं. ट्रॉली आली, कात्री आली, ते बँडेज निघताना व्हायचं तेही आलं. पण फळी अर्धी झाली होती आणि अर्धी सोडून मी कधी उठलेलो नाही. म्हणून पुरी केली. मग बाहेर जाऊन ओकलो, तोंड धुतलं, परत आलो आणि त्याला म्हटलं, माफ करा, कारखाना द्यायचा नाही. शब्द मोडला याचं वाईट वाटतं. तो म्हणाला, तुम्ही रंधा घेतलात तेव्हाच मला कळलं होतं.

तेव्हापासून रोज जातो. सिस्टरांना वाटतं मी बरा झालो. खरं तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला समजेल. पहिली पाच-दहा मिनिटं रोज मळमळतं, मग हात कामात शिरतो. पूर्वी देवदारात फक्त माझा कारखाना होता. आता त्यात हॉस्पिटलही आहे, ते निघत नाही. पण त्यात सिस्टरही आहेत, माझा हात धरून "झालंच, झालंच" म्हणणाऱ्या. त्या निघाव्यात असं मला वाटतही नाही.

एक विनंती आहे. सिस्टर या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट देणार आहेत. माझं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. त्यांना म्हणावं, "पेशंट बरा झाला" असं लिहू नका. "पेशंट कामाला लागला" असं लिहा.

आपला,
सुतार